नवी आवृत्ती आली म्हणून जुने जग रद्दीत नको

माननीय संपादक महोदय,

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाची नियमपुस्तके २०२४ साली पुन्हा बदलली. घरातल्या जुन्या पुस्तकांचे आणि नकाशांचे आता काय करायचे, हा प्रश्न टेबलाभोवती बसणाऱ्या मुलांपुढे आला आणि पैसे मोजणाऱ्या पालकांपुढेही. 'ती जुनी पेटी आता चालत नाही' असे मुले बेधडक सांगतात. ते खरे नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण आकड्यांशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे नुसतीच हवा.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात. एकजण जग सांभाळतो, म्हणजे त्यातली गावे, माणसे आणि राक्षस. त्याला डीएम (डन्जन मास्टर) म्हणतात. बाकीचे एकेक पात्र चालवतात, आणि जिथे अडते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला. पुढे 'ॲडव्हान्स्ड' पुस्तके आली, १९८९ ला त्यांची दुसरी आवृत्ती, २००० ला तिसरी, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी आणि आता तिचीच सुधारलेली पुस्तके. खेळाची जगे मात्र वेगळ्या पेट्यांतून किंवा पुस्तिकांतून आली: ग्रेहॉक १९८० ला, फरगॉटन रेल्म्स १९८७ ला, डार्क सन १९९१ ला, प्लेनस्केप १९९४ ला. जग जन्मले एका नियमावलीत आणि खेळायचे दुसरीत, अशी ही अडचण आहे. नियमपुस्तक बदलले म्हणून गाव बदलत नाही, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नवखा डीएम पहिली चूक करतो ती गुणाकार-भागाकाराची. जुन्या पुस्तकातला प्रत्येक आकडा सूत्रात घालून तो नवा आकडा काढत बसतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा, इंची आट्याचा नट मेट्रिक बोल्टवर दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडकतो, आणि पान्याने ओढला तर आटेच जातात. इथे अगदी तेच होते. पहिले दोन फेरे कसे सरळ जातात ते आधी पाहू.

जुन्या नियमात चिलखताचा आकडा, म्हणजे एसी, जितका कमी तितका चांगला. उघड्या अंगाला १०, लोखंडी पत्र्यांच्या चिलखताला (प्लेट मेल) ३, आणि त्याखाली थेट उणे १० पर्यंत. मारणाऱ्याचा आकडा 'थॅको', म्हणजे एसी शून्य असलेल्याला लागण्यासाठी फाशावर किती पडायला हवे. पाचव्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाने पाचव्या पायरीवर पोहोचलेल्या, योद्ध्याचा थॅको १६. समोरच्याचा एसी ४ असेल तर १६ वजा ४, म्हणजे १२ पडायला हवेत. नव्या नियमात एसी वाढता असतो. २० मधून जुना एसी वजा करा, १६ आला. २० मधून थॅको वजा करा, अधिक ४ आला. १६ गाठायला फाशावर पुन्हा १२ च लागतात. हिशेब चोख जुळला, आणि इथेच माणूस फसतो.

आता ओगर नावाचा राक्षस घ्या. दुसऱ्या आवृत्तीत त्याचा एसी ५, थॅको १७, हिट डाइस ४ अधिक १ (आठ बाजूंचे चार फासे अधिक १), म्हणजे सरासरी १९ हिट पॉइंट (इतका मार बसला की तो पडतो), आणि मार १ ते १०. सूत्राने काढलेला ओगर असा येतो: एसी १५, हल्ल्याला अधिक ३, हिट पॉइंट १९, मार सरासरी साडेपाच. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकातला ओगर मात्र एसी ११, हल्ल्याला अधिक ६, हिट पॉइंट ५९ आणि एका सोट्याचा मार सरासरी १३ असा आहे. नव्या नियमात मोठ्या जनावराला लागते पटकन, पण ते पडत नाही, आणि त्याचा एक फटका बसला तर पहिल्या लेव्हलचे पात्र आडवे होते. सूत्राचा ओगर याच्या बरोबर उलटा. त्याला लागत नाही, लागले की लगेच मरतो, आणि त्याच्या माराने कोणी घाबरत नाही. खेळणारे कंटाळतात आणि दोष जुन्या जगाला देतात. तेव्हा राक्षसाचे आकडे सरळ नव्या पुस्तकातून उचला. नाव, सवयी, तो कुठे राहतो, कोणाला भितो, कोणाकडून हप्ता घेतो, हे जुन्या पुस्तकातून घ्या. नव्या पुस्तकात तो प्राणीच नसेल तर त्याच ताकदीचा दुसरा शोधा आणि कातडे बदला.

उणे एसी हा तर निव्वळ सापळा. उणे १० चा नवा आकडा ३० निघतो. पाचव्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलच्या, ताकद २० असलेल्या योद्ध्याला साध्या तलवारीने अधिक ११ मिळतात, म्हणजे त्यालाही १९ किंवा २० च पडायला हवेत. २०१४ च्या पुस्तकात टॅरास्कसारख्या महाकाय प्राण्याचा एसी २५ आहे. त्यावरून काय ते समजा. जुन्या जगातला कितीही मोठा वीर असो, २२ च्या वर नेऊ नका.

आकड्यांचे इतके पुरे. काळाचे माप मात्र नीट समजून घ्या, कारण ते चुकले की चूक लक्षातही येत नाही. जुन्या ॲडव्हान्स्ड नियमात एक राउंड म्हणजे एक मिनिट आणि एक टर्न म्हणजे दहा मिनिटे. नव्यात एक राउंड सहा सेकंदांचा. जुन्या मोहिमेत लिहिलेले असते की दार बंद होते आणि दहा राउंडमध्ये खोली पाण्याने भरते. तिथे दहा मिनिटे अभिप्रेत होती. तेवढ्यात भिंती ठोकून पाहता येतात, वाद घालता येतो, कोणाला तरी कळ सापडते. जसेच्या तसे उचलले तर एका मिनिटात सगळे बुडतात. हाताशी पेन्सिल ठेवा आणि जिथे लढाई नाही तिथला प्रत्येक 'राउंड' खोडून मिनिट लिहा. अंतराचेही तसेच. पहिल्या ॲडव्हान्स्ड पुस्तकांत १२ इंच म्हणजे तळघरात १२० फूट, पण उघड्यावर १२० यार्ड. तोच आकडा दोन ठिकाणी दोन अर्थांचा.

सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचे फासे, जुन्यात पाच प्रकारचे होते: विष-लकवा-मृत्यू, कांडी-दंड, दगड होणे, श्वासाचा झोत, आणि मंत्र. नव्यात पात्राच्या सहा गुणांचे सहा. विष आणि दगड होणे यांना कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), झोताला डेक्स्टेरिटी (चपळाई), मनावर चालणाऱ्या मंत्रांना विस्डम (शहाणपण), असे लावले की बहुतेक काम होते. कांडीसाठी वेगळे काही नको, तिच्यातून कोणता मंत्र निघतो ते पाहा. खरी अडचण 'सेव्ह हुकला तर मृत्यू' या जुन्या विषाची. नवे विष नुसता मार देते, मग विंचवाला कोणी भीत नाही. दोन पायऱ्या करा: पहिला सेव्ह हुकला तर विषबाधा, पुढच्या राउंडला दुसरा हुकला तर हिट पॉइंट शून्यावर. भीती राहते आणि सोबत्याला धावायला एक राउंड मिळतो.

किती शत्रू एकदम आणायचे, यात सर्वांत जास्त पार्ट्या (पात्रांच्या टोळ्या) मरतात. जुन्या मोहिमेत एका खोलीत बारा ऑर्क सहज असायचे. ते चालायचे, कारण टेबलाशी सहा-आठ पात्रे असत आणि पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाचा 'स्लीप' मंत्र पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत असले ४ ते १६ जण एकदम झोपवायचा, सेव्ह न देता. २०१४ चा 'स्लीप' सरासरी बावीस-तेवीस हिट पॉइंट झोपवतो आणि तिथल्या ऑर्कला १५ असतात. म्हणजे एकच ऑर्क घोरतो, अकरा जागे. २०१४ च्या हिशेबाने बारा ऑर्क म्हणजे १२०० अनुभवगुण (लढाई किती जड ते यांवरून मोजतात), संख्या जास्त म्हणून गुणिले ३, एकूण ३६००. तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांना 'जीवघेणी' लढाई १६०० पासून सुरू होते. २०२४ च्या पुस्तकाने तो गुणाकार काढून टाकला, पण म्हणून अकरा ऑर्क झोपत नाहीत. तेव्हा संख्या बदलू नका, वेळ बदला. गढीत बारा ऑर्क आहेत हे त्या जगाचे सत्य आहे, ते राहू दे. दारात चार, शिंग वाजल्यावर तिसऱ्या राउंडला आणखी चार, उरलेले चार सरदाराजवळ. पहिले चार ६०० च्या आसपास राहिले पाहिजेत. त्यांचा हिशेब ४०० गुणिले २, म्हणजे ८०० होतो. हे चार पात्रांना जरा भारीच, मग आधी तीन पाठवा.

सोन्याचा प्रश्न निराळा आहे. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत एक सुवर्णनाणे घरी आणले की एक अनुभवगुण मिळायचा, आणि योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी दोन हजारांवर गुण लागायचे. म्हणून त्या मोहिमांत खजिना खोऱ्याने ओतलेला असतो. लोभ नव्हता तो, इंधन होते. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० गुण पुरतात आणि सोन्याचे गुण मिळत नाहीत. खजिना तसाच ठेवला तर तिसऱ्या बैठकीला प्रत्येकाच्या अंगावर १५०० नाण्यांचे पूर्ण चिलखत येते आणि त्यानंतर पैशाला काही किंमत उरत नाही. ढोबळमानाने दहावा हिस्सा ठेवा. ज्या पेटीसाठी गावे भांडतात ती मात्र भरलेलीच राहू द्या.

इथवरची कामे हमालीची आहेत. खरे काम पुढे आहे, आणि ते 'डार्क सन'वर जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे नाही. अथास नावाचे वाळवंटी जग. धातू जवळजवळ नाही, देव नाहीत, पाऊस जवळजवळ नाही, आणि मंत्र टाकला की आसपासची झाडे जळतात. तिथे राक्षसापेक्षा तहान मोठी. आता पाचव्या आवृत्तीची पुस्तके त्यावर ठेवा. उष्ण हवेत माणसाला दिवसाला दोन गॅलन पाणी लागते, असे नियमच सांगतो. पाच जणांना दहा गॅलन, म्हणजे साधारण अडतीस लिटर, जेमतेम दोन-तीन घागरी. आणि पहिल्या लेव्हलचा पाणी निर्माण करण्याचा मंत्र एका खेपेला नेमके दहा गॅलन देतो! एका पुजाऱ्याने सकाळी उठून एक मंत्र म्हटला की अख्खे वाळवंट संपले. 'गुडबेरी' मंत्राच्या दहा बोरांत दहा जणांचे दिवसाचे जेवण होते. जोडीला 'आउटलँडर' पार्श्वभूमीचे एखादे पात्र असेल तर ते स्वतःसह सहा जणांचे अन्नपाणी रानातून आणते. अथासचे मग महाबळेश्वर होते.

यावर 'हे मंत्र बंद' असे म्हणणे सोपे आहे, पण ज्याने पात्र बांधून आणले त्याचा हिरमोड होतो. त्यापेक्षा जुन्या पुस्तकाने काय केले होते ते पाहा. अथासवर पुजारी माती, वारा, आग आणि पाणी या तत्त्वांचे असतात. मग पाण्याचा मंत्र फक्त जलतत्त्वाच्या पुजाऱ्याला द्या, आणि तोही पहिल्या लेव्हलच्या खेपेला एक गॅलन. त्या पुजाऱ्याला लगेच मोल येते, गावागावांत त्याला पळवून नेऊ पाहणारे निघतात, म्हणजे कथानकही फुकट मिळाले. बोरे राहू द्या, पण त्यांनी भूक भागते, तहान नाही. आउटलँडरच्या नियमात तर पळवाट छापलेलीच आहे: जमिनीत पाणी, फळे असतील तरच ते मिळते.

विश्रांतीही घट्ट करावी लागते. जुन्यात नुसत्या झोपेने दिवसाला एखादा हिट पॉइंट भरायचा, नव्यात आठ तास झोपले की सगळे भरतात. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. अथासला हाच लावा. पण याने काय बिघडते तेही ठाऊक असू द्या. जे मंत्र आठ तास टिकतात, 'मेज आर्मर'सारखे, ते एका लढाईतच संपल्यासारखे होतात आणि मांत्रिक उगाच मार खातो. अशा मंत्रांची मुदत वाढवून पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत न्या. ज्यांची ताकद छोट्या विश्रांतीने परत येते ती पात्रे, विशेषतः वॉरलॉक नावाचे मांत्रिक, या नियमात वरचढ ठरतात. तेवढे चालवून घ्या.

झाडे जाळणाऱ्या मांत्रिकाचा, म्हणजे डिफायलरचा, नियम आणखी नाजूक. दुसऱ्या आवृत्तीत त्याची लेव्हल इतर मांत्रिकांपेक्षा लवकर वाढायची. मोह तिथे होता. नव्यात सगळ्यांना एकच तक्ता, म्हणजे मोहच गेला, नुसते पाप उरले, आणि फुकटचे पाप कोण करेल? २०१० साली चौथ्या आवृत्तीसाठी डार्क सन पुन्हा निघाले तेव्हा त्यांनी मोह दुसरीकडे हलवला: फासा पुन्हा टाकायला मिळतो, पण जवळच्या सोबत्यांना इजा होते. हीच चाल पाचव्यातही बसते. मंत्राच्या लेव्हलगुणिले दहा फूट परिघातली हिरवळ राख झाली असे वर्णन करा आणि ती जागा नकाशावर काळी करा. चार बैठकींनंतर तो काळा पट्टा पाहून खेळणारे स्वतःच बोलायला लागतात.

हत्यारांचे त्यामानाने सोपे. हाड, लाकूड, काचदगड हीच तिथली साधी हत्यारे समजा, त्यांना वजाबाकी लावू नका, कारण नव्या नियमात एका आकड्यालाही फार वजन आहे. फाशावर १ आला तर खेळाडूला पुन्हा टाकू द्या, पण मग हत्यार मोडेल. किमतींचा जुना नियम मात्र तसाच ठेवा, इतका सुटसुटीत नियम क्वचित सापडतो: धातूच्या वस्तूची किंमत पुस्तकातली, बाकी सगळ्यांची शंभरावा हिस्सा. शंभर मातीची नाणी म्हणजे एक सोन्याचे. कातडी चिलखत १० मातीच्या नाण्यांत, साखळीचे ७५ सोन्यात, म्हणजे साडेसात हजार मातीची. आकडा ऐकल्यावर लोखंड म्हणजे काय ते कळते. पात्रांची सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून, हाही जुनाच नियम, आणि तो आपसूक जुळतो, कारण २०२४ च्या पुस्तकांत पात्राच्या पेशाची उपशाखा तिसऱ्यालाच निवडायची असते. गुणांसाठी मात्र जुने चार बाजूंचे पाच फासे टाकू नका, नवी पात्रे मुळातच दणकट असतात.

फरगॉटन रेल्म्सची तऱ्हा वेगळी. तिथे प्रकाशकांनीच नियम बदलला की जग हलवले. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी देव जमिनीवर उतरले, चौथीच्या वेळी स्पेलप्लेग (जादूचा कहर) आला आणि काळ सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलला. तिथल्या सनावळीत १९८७ ची पेटी १३५७ च्या आसपासची, चौथीचे पुस्तक १४७९ चे. एक खेळाडू जुने पुस्तक वाचून आला, दुसरा नवे, तर दोघांच्या लेखी राजा वेगळा. नियम कुठलाही घ्या, पण साल एकच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. (बेळगावच्या नावात १ नोव्हेंबर २०१४ ला बदल झाला आणि पाचवी आवृत्तीही त्याच वर्षाची. जुन्या पत्त्यावरची पत्रे तरीही पोहोचतात.)

सगळेच खेळ इतके छळत नाहीत. 'कॉल ऑफ कथुल्हू' या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत जुने गुण नुसते पाचने गुणायचे, १३ चे ६५ झाले की झाले.

घरातल्या टेबलासाठी एक सूचना. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात इंद्र, अग्नी वगैरेंना हिट पॉइंट देऊन छापले आहे. ते पान रूपांतरात घेऊ नका. आजी आतल्या खोलीतून ऐकत असते. डार्क सनमधली गुलामगिरीही शाळकरी मुलांसमोर आणायची की नाही, हे पहिल्या बैठकीआधी ठरवा, मध्येच नाही.

नियमांसाठी लगेच तीन जाड पुस्तके घेण्याची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोफत आहे, २०२४ च्या नियमांचा २०२५ मध्ये आला. श्रेय देऊन त्यावर मराठीत काहीही लिहिता, छापता येते. जगांची नावे आणि मजकूर मात्र त्या परवान्यात येत नाहीत, म्हणून अथासचे रूपांतर आपल्या टेबलापुरते ठेवा. मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच टेबलाशी असतील तर एसी, सेव्ह, हिट पॉइंट हे शब्द तसेच वापरा. भाषांतराचा हट्ट वर्णनासाठी राखून ठेवा.

शेवटी साधने. शंभर पानी वही, डाव्या पानावर जुने, उजव्या पानावर नवे, आणि उजवे पान पेन्सिलीनेच. पहिली बैठक फक्त तीन लढायांची ठेवा: एक सोपी, एक घोळक्याची, एक मोठ्या जनावराची. कोणती लढाई तीन राउंडच्या आत संपली आणि कोणती आठच्या पुढे गेली ते समासात लिहा, आणि त्या दोन्हींचेच आकडे बदला. नकाशांची झेरॉक्स काढून त्यावर खेळा. मूळ नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खालच्या फळीवरचे घडी केलेले कागद ऑगस्टपर्यंत एकमेकांना चिकटलेले असतात, आणि मग ते कोणत्याच आवृत्तीत उघडत नाहीत.

आपले,
टेबलाभोवती फासे टाकणारे काही वाचक
बेळगाव